घरच्या संगणकाला कुलमुखत्यारपत्र देऊ नका

कुलमुखत्यारपत्र म्हणजे काय, हे आपल्या व्यापारी बंधूंना समजावून सांगण्याची गरज नाही. ज्याला ते दिले तो आपल्या नावाने सही करू शकतो, व्यवहार ठरवू शकतो, पैसा उचलू शकतो, आणि त्याने केलेले सर्व आपणच केले असे धरले जाते. म्हणून शहाणा माणूस सख्ख्या भावालाही ते देताना दहा वेळा विचार करतो. एखादे काम अडले असेल तर तेवढ्या कामापुरते खास मुखत्यारपत्र देतो आणि काम झाले की परत घेतो. आम्ही उर्दू शाळेत शिकलो. मुख्तारनामा-ए-आम आणि मुख्तारनामा-ए-खास हे शब्द आमच्या घरात वाडवडिलांच्या तोंडून ऐकू येत, आणि त्यांतला फरक न कळल्यामुळे घर गमावलेल्या माणसांच्या गोष्टीही ऐकू येत.

तोच शहाणा माणूस आज संध्याकाळी घरी येतो, संगणक चालू करतो आणि त्यावर उघडणाऱ्या प्रत्येक अनोळखी फाईलला व प्रत्येक फुकट खेळाला न विचारता कुलमुखत्यारपत्र देऊन बसतो. आपण असे काही करतो आहोत याचा त्याला पत्ताही नसतो. आमचे म्हणणे थोडक्यात असे आहे की घरच्या संगणकावर रोजच्या कामासाठी कोणीही, खुद्द मालकानेही, मालकाच्या खात्यात बसू नये. रोजचे काम मर्यादित खात्यातून करावे. याला एक पैसाही खर्च येत नाही. अर्धा तास लागतो. तरीही आमच्या ओळखीच्या व्यापाऱ्यांपैकी फार थोड्यांनी हे केले आहे. आम्ही स्वतः केले ते ठोकर खाल्ल्यावर.

खात्याचा अर्थ

व्यापाऱ्याला खाते हा शब्द नवा नाही. सूतवाल्याचे खाते वेगळे, सायझिंगचे वेगळे, मजुरीवर माग चालवणाऱ्या कारागिराचे वेगळे. दोन पार्ट्यांचा हिशेब एकाच पानावर लिहिणारा मुनीम दुसऱ्या दिवशी कामावर राहत नाही. पण घरी संगणकावर बघा. मालक, त्याचा मुलगा, कॉलेजात जाणारी मुलगी, शाळकरी पुतण्या आणि कधीमधी आलेला पाहुणा असे पाच जण एकाच खात्यात बसतात. त्या खात्याला पासवर्ड नसतो, असला तर तो घरातल्या सर्वांचा एकच असतो.

संगणकात मुख्यतः दोन प्रकारची खाती असतात. एक ॲडमिनिस्ट्रेटर, म्हणजे मालकाचे. या खात्यातून नवे सॉफ्टवेअर बसवता येते, विंडोजच्या मूळ फाईली बदलता येतात, इतरांची कपाटे उघडता येतात आणि विषाणू पकडणारे सॉफ्टवेअर बंदही करता येते. दुसरे स्टँडर्ड, म्हणजे मर्यादित. यात टायपिंग, हिशेब, ई-मेल, इंटरनेट, छपाई ही रोजची सर्व कामे होतात, पण संगणकाच्या पायाला हात लावता येत नाही आणि शेजारच्या खात्यातील कागद वाचता येत नाहीत.

आता खरी गोम समजून घ्यावी. आपण एखादा प्रोग्रॅम चालवतो तेव्हा तो आपल्या नावाने आणि आपल्या अधिकारात चालतो. आपण मर्यादित खात्यात असलो तर त्याच्या हाती खास मुखत्यारपत्र पडते. आपण मालकाच्या खात्यात असलो आणि समोर आलेल्या चौकटीवर होय म्हटले, तर कुलमुखत्यारपत्र पडते. तो प्रोग्रॅम कोणी लिहिला, कोणत्या देशातून आला, त्याच्या पोटात काय आहे, यातले काहीही आपल्याला ठाऊक नसते.

आमच्यावर गुदरलेला प्रसंग

२०२२ सालच्या मार्च महिन्याचा शेवट होता. एका बाजूला वर्षअखेरचे हिशेब, दुसऱ्या बाजूला तोंडावर आलेला रमजान आणि ईदच्या मालाची घाई. रात्री घरच्या संगणकावर आम्ही ई-मेल पाहत बसलो होतो. थकलेल्या बिलाविषयी एक पत्र होते, सोबत फाईल होती. आम्ही ती उघडली. पडदा अंधुक झाला, मध्ये एक चौकट आली आणि तिने होय की नाही असे विचारले. त्या चौकटीत इंग्रजीत काय लिहिले आहे ते आम्ही वाचले नाही. अशा चौकटी नेहमीच येत, आम्ही नेहमीच होय दाबत असू. त्या रात्रीही दाबले आणि झोपायला गेलो.

फजरच्या नमाजनंतर संगणक उघडला तर एकही फाईल उघडेना. सर्वांची नावे बदललेली, आणि पडद्यावर पैसे मागणारी चिठ्ठी. दुकानाची खतावणी, चलनांची नोंद, कारागिरांच्या मजुरीचा आणि उचलीचा हिशेब, मुलीचा कॉलेजचा प्रकल्प, घरातील लग्नाचे फोटो, सर्व कुलूपबंद. हिशेबाची प्रत ज्या पेनड्राइव्हमध्ये होती तो संगणकालाच लावून ठेवलेला होता; त्यातील प्रतही गेली.

त्या सकाळी आमच्याकडून दुसरी चूक झाली, ती पहिलीपेक्षा मोठी. नववीत शिकणारा पुतण्या त्या संगणकावर खेळ खेळत असे. आम्ही काहीही न तपासता, त्याच्या वडिलांसमोर, त्याला नको ते बोललो. दुपारी संगणक दुरुस्त करणारा मुलगा आला. त्याने पहिली फाईल किती वाजता बदलली ते काढून दाखवले. रात्रीचे पावणेअकरा वाजले होते. पुतण्या त्या वेळी झोपला होता. संगणकासमोर आम्ही होतो. आम्ही त्या मुलाची माफी मागितली. त्याने ती दिली, पण त्याचा त्या सकाळचा चेहरा आजही आठवतो.

खंडणीचे पैसे आम्ही दिले नाहीत. चलनबुकांवरून आणि बिलांच्या प्रतींवरून हिशेब पुन्हा उभा करायला तीन आठवडे लागले. कारागिरांच्या उचलीला मात्र कागद नव्हता. आम्ही एकेकाला बोलावून विचारले. एका कारागिराने सांगितले, "सेठ, माझ्याकडे चार हजार निघतात." आमच्या आठवणीत तीनच होते. बाकीच्यांनीही जे सांगितले ते आमच्या अंदाजाशी जुळणारे होते. त्यांची नियत साफ होती म्हणून आम्ही वाचलो. तो हिशेब आमच्या हाती त्यांची अमानत होता आणि आम्ही तो एका 'होय'वर घालवला होता. देण्याघेण्याचे व्यवहार लिहून ठेवण्याची आज्ञा पवित्र कुरआनच्या सर्वांत दीर्घ आयतीत, सूरह बकराच्या २८२व्या आयतीत आली आहे. लिहिले पाहिजे, तर लिहिलेले सांभाळलेही पाहिजे, असे आम्ही त्यावरून समजतो.

दुरुस्तीला आलेल्या मुलाने आणखी एक गोष्ट सांगितली. विंडोजमध्ये जुन्या प्रती राखून ठेवण्याची सोय चालू असेल तर फाईलींची आधीची रूपे कधीकधी परत मिळतात. आमच्या संगणकावर ती सोय चालू होती. पण असे फाईल-चोर पहिला घाव त्या जुन्या प्रतींवरच घालतात, आणि त्या पुसण्यासाठी मालकाचा अधिकार लागतो. तो अधिकार आम्ही होय दाबून दिला होता. आम्ही मर्यादित खात्यात असतो तर त्या जागी होय-नाही न येता मालकाचा पासवर्ड मागितला गेला असता. तो टाइप करायला हात गेला असता तेव्हा डोकेही जागे झाले असते. आणि मुलीचे वेगळे खाते असते तर तिचा प्रकल्प बचावला असता.

ही सवय लागली कशी

यात दोष केवळ आपला नाही. घरगुती संगणक आपल्याकडे आले ते विंडोज ९५ आणि ९८ च्या काळात. त्यांत मालक आणि पाहुणा असा भेदच नव्हता. विंडोज ९८ मध्ये पासवर्डची चौकट येई, पण कोपऱ्यातील एस्केपचे बटण दाबले की माणूस आत. २००१ साली विंडोज एक्सपी आले, त्यात मर्यादित खात्याची सोय होती. पण बसवताना जी खाती तयार होत ती सर्व मालकाच्या अधिकाराची असत. २००७ साली व्हिस्टा आले, तेव्हापासून ती होय-नाहीची चौकट सुरू झाली. लोकांना तिचा त्रास वाटला, कित्येकांनी ती बंदच करून टाकली. आजही नवा संगणक घेऊन आपण जे पहिले खाते उघडतो ते मालकाचेच असते, आणि दुकानदार ते तसेच हाती देतो.

जाणकारांनी मात्र ही गोष्ट फार पूर्वी सांगितली होती. युनिक्स नावाच्या प्रणालीत १९७०च्या दशकापासूनच मालकाचे खाते वेगळे आणि कामाचे खाते वेगळे होते. १९७५ साली जेरोम सॉल्टझर आणि मायकेल श्रोडर या दोन अमेरिकन संगणकतज्ज्ञांनी आपल्या प्रसिद्ध निबंधात नियम मांडला की प्रत्येक प्रोग्रॅमला आणि प्रत्येक माणसाला त्याच्या कामापुरताच अधिकार असावा. खुद्द मायक्रोसॉफ्ट कंपनीच्या सुरक्षा-सूचनांमध्ये वर्षानुवर्षे हे वाक्य येत राहिले की कमी अधिकाराच्या खात्यात काम करणाऱ्यांचे नुकसान मालकाच्या खात्यात काम करणाऱ्यांपेक्षा कमी होऊ शकते.

आपल्या खिशातील मोबाईलचेही पाहावे. अँड्रॉइड फोन आपण विकत घेतो, पण त्याची सर्वांत वरची किल्ली कंपनी आपल्यालाही सहजासहजी देत नाही. आणि त्यातील प्रत्येक ॲपला आतून वेगळा वापरकर्ता मानले जाते, जेणेकरून एका ॲपने दुसऱ्याच्या कपाटात हात घालू नये. पंधरा हजारांच्या फोनमध्ये जी शिस्त आहे ती आपल्या हिशेबाच्या संगणकात नसावी, हे आश्चर्य आहे.

न्हावा शेवाची आठवण

कापडाच्या धंद्यातील मंडळींना २०१७ सालचा जून आठवत असेल. जीएसटी लागू व्हायला चार दिवस उरले होते. २७ जूनला नॉटपेट्या नावाचा विषाणू जगभर पसरला. त्याची सुरुवात झाली युक्रेनमध्ये, आणि तीही हिशेबाच्या एका सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून. मर्स्क या जहाज कंपनीचे संगणक बंद पडले आणि न्हावा शेवा बंदरात त्याच समूहाकडून चालवले जाणारे टर्मिनल ठप्प झाले. मर्स्कने आपले नुकसान वीस ते तीस कोटी डॉलरच्या घरात सांगितले.

हा विषाणू एका संगणकात शिरला की तेथे मालकाच्या अधिकाराचे पासवर्ड सापडतात का ते शोधी, आणि सापडलेल्या किल्लीने शेजारचे संगणक उघडी. मालकाचा अधिकार मिळाला तर तो संगणकाची सुरुवातीची पाटीच पुसून टाकी, मग संगणक उघडतच नसे. अधिकार मिळाला नाही तर त्याची ताकद कमी पडे, तरी हाती लागलेल्या फाईली तो बिघडवीच. एवढ्या मोठ्या कंपनीची ही गत झाली, तर चार खोल्यांच्या घरातील आपल्या संगणकाविषयी गाफील राहणे बरे नव्हे.

काही बंधू म्हणतात, आम्ही लहान माणसे, आमच्यावर कोण नजर ठेवील? नजर कोणी ठेवत नाही. रात्री गल्लीतून जाणारा चोर प्रत्येक दाराची कडी हलवून पाहतो. जी उघडली त्या घरात शिरतो. ही पत्रे लाखोंनी सुटतात. आमच्याकडे आलेले पत्र आमचे नाव पाहून आलेले नव्हते.

घरात पहारा कशाला?

सर्वांत जास्त आक्षेप येतो तो हा. घरच्या माणसांवर असा पहारा म्हणजे अविश्वास नव्हे काय? मुलाला मर्यादित खाते दिले तर तो म्हणेल, अब्बांचा आपल्यावर भरवसा नाही. आम्हालाही आधी असेच वाटत होते.

परंतु घरातील इजाजत ही आपल्यासाठी नवी गोष्ट नाही. सूरह नूरच्या ५८व्या आयतीत घरातल्या लहान मुलांना आणि सेवकांनाही दिवसातून तीन वेळी, म्हणजे फजरच्या आधी, दुपारच्या विश्रांतीच्या वेळी आणि इशानंतर, परवानगी घेऊन खोलीत यावे असे शिकवले आहे. ती मुले घरचीच असतात, त्यांच्यावर माया असते, तरीही दारावर थांबून विचारण्याचा अदब ठेवला आहे. इजाजत मागणे हा अविश्वास असता तर घरच्यांना तो शिकवलाच नसता.

शिवाय मर्यादित खाते माणसाला अडवण्यासाठी नसून त्या माणसाच्या हातून नकळत जे आत येते त्याला अडवण्यासाठी आहे. म्हणून आमचा आग्रह आहे की घरच्या कर्त्या माणसाने आधी स्वतः मर्यादित खात्यात बसावे. मालक स्वतः कुलमुखत्यारपत्र हाती ठेवून फक्त मुलांवर निर्बंध घालील, तर मुलांची तक्रार रास्त ठरेल. आमच्या घरात दरवाजा उघडला तो आम्ही, आणि बोल ऐकले पुतण्याने. दोघांची खाती वेगळी असती तर कोणाच्या हातून काय झाले याविषयी शंकाच उरली नसती. वेगळे खाते निर्दोष माणसाचे रक्षण करते, हा त्याचा फायदा आम्हाला फार महत्त्वाचा वाटतो.

दुसरा आक्षेप त्रासाचा. वारंवार पासवर्ड कोण देणार? अनुभव असा की पहिल्या आठवड्यात पाचसहा वेळा तो द्यावा लागला. प्रिंटर बसवणे, डिजिटल सहीचे यंत्र जोडणे ही कामे एकदाच करायची असतात. पुढे महिना महिना पासवर्डची आठवणही होत नाही. हिशेबाची काही जुनी सॉफ्टवेअरे मालकाच्या खात्याशिवाय चालायला तयार होत नाहीत, हे खरे. तेव्हा ज्याने ते विकले त्याला बोलवावे आणि त्या सॉफ्टवेअरच्या फोल्डरपुरती परवानगी आपल्या मर्यादित खात्याला द्यायला सांगावे. एका अडेल नोकरासाठी सर्व घराच्या किल्ल्या टांगून ठेवू नयेत.

कसे करावे

विंडोज १० किंवा ११ असलेल्या संगणकावर पुढील क्रम ठेवावा. क्रम महत्त्वाचा आहे.

पहिल्याने, मालकाचे नवे खाते उघडावे. सेटिंग्ज, त्यात अकाउंट्स, त्यात दुसऱ्या वापरकर्त्यांचा भाग, तेथे ॲड अकाउंट. ई-मेल मागितला तर या व्यक्तीची माहिती नाही आणि मायक्रोसॉफ्ट खात्याशिवाय हे पर्याय निवडावेत. नाव 'मालक' असे काहीही ठेवावे, लांब पासवर्ड द्यावा, आणि चेंज अकाउंट टाइपमध्ये जाऊन ते खाते ॲडमिनिस्ट्रेटर करावे.

दुसऱ्याने, जुन्या खात्यातून बाहेर पडून या नव्या खात्यात एकदा शिरून पाहावे. पासवर्ड चालतो याची खात्री झाल्याशिवाय पुढे जाऊ नये.

तिसऱ्याने, त्या नव्या खात्यातून आपले जुने, रोजचे खाते स्टँडर्ड करून टाकावे. आपल्या फाईली, फोटो, सॉफ्टवेअर सर्व जागच्या जागी राहते. कमी होतो तो फक्त अधिकार. या रोजच्या खात्यालाही पासवर्ड असावा.

चौथ्याने, हिशेबासाठी एक आणि मुलांसाठी एक अशी वेगळी स्टँडर्ड खाती उघडावीत. जमल्यास प्रत्येकाला स्वतःचे द्यावे. प्रत्येकाचा पासवर्ड वेगळा.

पाचव्याने, मालकाचा पासवर्ड कागदावर लिहून तिजोरीत ठेवावा आणि घरातील आणखी एका जबाबदार व्यक्तीला सांगून ठेवावा. मृत्यू सांगून येत नाही. वारसांना हिशेब उघडता आला पाहिजे.

एक बारीक गोष्ट फार जणांच्या लक्षात येत नाही. प्रत्येक खात्याचे डॉक्युमेंट्स, डेस्कटॉप हे त्याचे खासगी कपाट असते. दुसरे मर्यादित खाते ते उघडू शकत नाही. पण आपल्याकडे महत्त्वाच्या फाईली डी ड्राइव्हमध्ये ठेवण्याची रीत आहे. तो बहुधा सर्व खात्यांना खुला असतो, घराच्या अंगणासारखा. खाती वेगळी केली आणि हिशेब अंगणातच ठेवला तर उपयोग काय? हिशेबाच्या फाईली हिशेबाच्या खात्याच्या डॉक्युमेंट्समध्ये हलवाव्यात.

यानंतर एकच नियम पाळावा. मालकाचा पासवर्ड मागणारी चौकट आली की हात थांबवावा आणि स्वतःला विचारावे, आपण आत्ता काही नवे बसवायला निघालो होतो काय? निघालो नसू तर उत्तर नाही. बिल वाचायला मालकाचा पासवर्ड लागत नाही.

यानेच सर्व भागेल काय?

भागणार नाही, आणि तसा दावा आम्ही करत नाही. मर्यादित खात्यात शिरलेला चोर त्या खात्यातील आपल्या फाईली तरीही बिघडवू शकतो. काही प्रोग्रॅम बसवल्याशिवायही चालतात. फोनवरून गोड बोलून ओटीपी काढून घेणाऱ्यापुढे किंवा आपला पडदा दुरून पाहू देणारे ॲप आपल्याच हाताने चालू करून घेणाऱ्यापुढे कोणतेही खाते कामाला येत नाही. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय नावाचा विषाणू आला तो विंडोजच्या एका भोकातून शिरत होता. ते बुजवणारे अपडेट मार्चमध्येच आले होते, ज्यांनी घेतले नाही ते अडकले.

म्हणून तीन गोष्टी सोबत हव्यात. हिशेबाची प्रत आठवड्यातून एकदा बाहेरच्या डिस्कवर घ्यावी आणि ती डिस्क काढून कपाटात ठेवावी; लावून ठेवलेली प्रत ही प्रत नव्हे, हे आम्ही किंमत मोजून शिकलो. अपडेट थांबवू नयेत. विंडोज १० चा नेहमीचा सुरक्षा-पुरवठा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आहे, हेही ध्यानात घ्यावे. आणि पैशाची फसवणूक झालीच तर लाज न बाळगता ताबडतोब १९३० या क्रमांकावर तक्रार करावी; जितका उशीर तितकी रक्कम परत मिळण्याची आशा कमी.

आणखी एक कडू गोष्ट सांगणे भाग आहे. आपल्याकडे कित्येक संगणकांवर विंडोज आणि हिशेबाचे सॉफ्टवेअर चोरीचे असते. ते चालवण्यासाठी जो क्रॅक बसवतात, तो बहुतेक वेळा दोन अटी घालतो: विषाणू पकडणारे सॉफ्टवेअर बंद करा आणि मला मालकाच्या अधिकाराने चालवा. चौकीदाराला सुट्टी द्या आणि तिजोरीची किल्ली द्या, असे सांगणाऱ्या अनोळखी माणसाला आपण उंबरठ्यावरूनच परत पाठवू. संगणकात मात्र आपण त्याला घरात घेतो. ताकाभर कापडात चार बोटे कमी भरली तर आपण ते हराम समजतो. मग दुसऱ्याची मेहनत फुकट वापरून त्यावर हलाल रोजीचा हिशेब लिहिणे कसे पटते, याचा प्रत्येकाने आपल्या मनाशी विचार करावा. ज्यांना परवडत नाही त्यांच्यासाठी लिनक्ससारखी फुकट आणि कायदेशीर प्रणाली उपलब्ध आहे, आणि तिच्यात रोजचे काम मर्यादित अधिकारात करण्याची रीत मुळातच आहे.

आमची विनंती

संगणक विकणाऱ्या आणि दुरुस्त करणाऱ्या आपल्या तरुणांना आमची विनंती आहे की ग्राहकाच्या हाती संगणक देताना दोन खाती करून द्यावीत आणि पाच मिनिटे समजावून सांगावे. आपल्या वस्तीतील संगणक वर्गांनी पहिल्याच आठवड्यात हे शिकवावे. व्यापारी संघटनांनी एखाद्या बैठकीत चहापानाच्या वेळी कोणाला तरी बोलावून प्रत्यक्ष करून दाखवावे. ते उर्दूत आणि मराठीत सांगावे, कारण आमच्यासारख्या कित्येकांनी त्या चौकटीतील इंग्रजी कधी वाचलेलेच नाही आणि तसे कबूल करण्याचा त्यांना संकोच वाटतो.

उंट बांधून मग अल्लाहवर भरवसा ठेवावा, ही शिकवण आपण मुलांना लहानपणापासून सांगतो. आमच्या घरी आता पाच खाती आहेत. मालकाचा पासवर्ड तिजोरीत आहे, त्याची एक प्रत पुतण्याच्या वडिलांकडे आहे, आणि आम्ही स्वतः मर्यादित खात्यात बसून हिशेब पाहतो. खाती करून दिली ती त्याच पुतण्याने. अर्धा तासही लागला नाही. येत्या जुम्माच्या सुट्टीत वाचक बंधूंनीही हे काम हातावेगळे करावे. इन्शाअल्लाह, पश्चात्ताप होणार नाही.